किडनी ‘दहा-बारा वर्षं टिकते’ म्हणजे नेमकं काय? आणि आईची घ्यावी की वहिनीची?

मेघना_भांडुप

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. आयजीए नेफ्रोपॅथी, म्हणजे स्वतःच्याच अँटिबॉडी किडनीत साचून ती खराब करणारा आजार. गेल्या ऑगस्टपासून मुलुंडला आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, मंगळ-गुरू-शनी. पहाटे साडेपाचला घरातून निघतो, साडेअकराला परत येतो आणि चार वाजेपर्यंत नुसता पडून असतो. दिवसाला ७०० मिली पाणी. बाटलीवर त्याने स्वतःच पेनाने रेघा मारून ठेवल्यात, सकाळची, दुपारची, रात्रीची. मे महिन्यात त्या रेघांकडे बघवत नव्हतं. डाव्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडलेली जागा. त्यावर बोटं ठेवली की आतली घरघर लागते. त्याची पाच वर्षांची लेक रोज झोपताना तिथे कान लावते आणि म्हणते, "बाबाचं मशीन चालू आहे." मग झोपते.

आता ट्रान्सप्लांटचं ठरतंय. आई ६१ वर्षांची, रक्तगट ओ. वहिनी ३० वर्षांची, रक्तगट भावाचाच, बी. दोघींच्या सगळ्या तपासण्या झाल्या. आईला बीपी नाही, शुगर नाही. दोघींचा क्रॉसमॅच (भावाच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ती तपासणी) निगेटिव्ह, म्हणजे चांगला. आईचं टिश्यू मॅचिंग निम्मं जुळतं, वहिनीचं जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणाले, दोघीही चालतील, घरी ठरवा.

आणि घरात तेच ठरत नाहीये. आई म्हणते, मी दिली तर माझं काय जातंय, माझं जगून झालंय. वहिनी म्हणते, तुमचं वय झालं, तरुण किडनी जास्त वर्षं टिकेल. वहिनीच्या माहेरचे गप्प आहेत, आणि ती शांतता आम्हाला कळते. दोघांना अजून एक मूल हवं होतं, हेही मला माहीत आहे. भाऊ म्हणतो, कोणाचीच नको, मी वेटिंग लिस्टवर थांबतो.

डॉक्टरांना विचारलं की किती वर्षं टिकते, तर म्हणाले सरासरी दहा-बारा, जिवंत दात्याची थोडी जास्त. तेव्हापासून माझी झोप उडालीय. तो पंचेचाळिशीत आला की पुन्हा डायलिसिस? तेव्हा पोरगी बारावीला असेल. रात्री सगळे झोपले की मी रिसर्च पेपर वाचत बसते. रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं), सीएमव्ही आणि बीके हे व्हायरस, ट्रान्सप्लांटनंतर होणारा डायबेटिस, कॅन्सर. एका ठिकाणी वाचलं की ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका डायलिसिसवर राहणाऱ्यांपेक्षा जास्त असतो. ते वाचून लॅपटॉप बंदच केला.

मी कॉमर्सची आहे, मेडिकलची नाही. ज्यांनी हे स्वतः पाहिलंय त्यांनी सांगा. हे आकडे वाचायचे कसे? खरी भीती कशाची बाळगायची? आणि आई की वहिनी?

---

विनायक_लालबाग

मेघनाताई, मी स्वतः ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे. जून २००९, आईची किडनी. तेव्हा मी ३१ चा होतो, आई ५५ ची. आज किडनी चालू आहे, रक्तातलं क्रिएटिनिन १.६ (किडनी कमी गाळायला लागली की हा आकडा वाढतो). म्हणजे मला सांगितलेली दहा वर्षं उलटून बराच काळ झाला. पण त्यावरून तुमच्या भावाचा हिशेब लावू नका. माझ्या शेजारच्या खाटेवर त्याच आठवड्यात ऑपरेशन झालेला कांजूरमार्गचा एक मुलगा होता, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि तब्येतीने दणकट. त्याची किडनी चार वर्षांत गेली. त्याचं पुढे सांगतो.

आधी त्या यादीबद्दल. ती रात्री एकदम वाचली की वाटतं हे सगळं एकाच माणसावर एकाच दिवशी कोसळणार आहे. तसं नसतं. प्रत्येक त्रासाची आपली वेळ असते.

पहिले दिवस सर्जरीचे. माझी पहिली रात्र मला मिनिटामिनिटाने आठवते. नवी किडनी उजव्या बाजूला खाली, जांघेच्या वर बसवतात, जुन्या दोन्ही सहसा तशाच राहू देतात. नर्स दर तासाला युरोबॅग मोजायची, तक्त्यावर लिहायची, आणि जेवढी लघवी झाली त्या हिशेबाने सलाइन चढवायची. त्याआधी दोन वर्षं मला दिवसाला कपभर लघवी होत होती. त्या चोवीस तासांत अकरा लिटर झाली. आई दुसऱ्या खोलीत होती, शुद्धीवर आल्या आल्या तिने एवढंच विचारलं, "झाली का त्याला?" काही जणांची किडनी लगेच जागी होत नाही, मध्ये एक-दोन डायलिसिस लागतात. मेंदूमृत दात्याच्या किडनीत हे जास्त होतं. तसं झालं तर घाबरून जाऊ नका, बहुतेक वेळा ती चालू होते. आत एक बारीक नळी ठेवलेली असते, डीजे स्टेंट, ती महिना-दीड महिन्याने काढतात.

पुढचे सहा महिने इन्फेक्शनचे, कारण तेव्हा औषधांचा डोस सगळ्यात जड असतो. सीएमव्ही आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात आधीपासूनच झोपलेला असतो, प्रतिकारशक्ती दाबली की उठतो. त्याला औषध आहे, आधीपासून देतातही. महाग आहे, पैशाची तयारी ठेवा. बीके वेगळा. १९७१ साली तो ज्या पेशंटमध्ये सापडला त्याच्या नावाची आद्याक्षरं त्याला चिकटली. त्याच्यावर हमखास चालणारं औषध नाही. रक्तात वाढायला लागला की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करतात आणि शरीरालाच त्याच्याशी लढू देतात. म्हणून त्याची रक्ततपासणी ठरलेल्या तारखेला करायचीच, बरं वाटतंय म्हणून टाळायची नाही. तो नवी किडनी आतून कुरतडतो आणि बाहेर काहीच दिसत नाही.

शुगर मला तिसऱ्या महिन्यात लागली. टॅक्रोलिमस (रिजेक्शन रोखणारी मुख्य गोळी) आणि स्टेरॉइड दोन्ही ती वाढवतात. आधी इन्सुलिन, आता गोळीवर आहे. आमच्या अख्ख्या खानदानात कोणाला डायबेटिस नव्हता.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक ट्रान्सप्लांटवाल्याने ऐकावी. टीबी.

फेब्रुवारी २०१३. संध्याकाळी सहाच्या सुमारास रोज अंग कणकणायचं, सकाळी साफ. महिन्याभरात चार किलो वजन गेलं. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांकडे गेलो, माणूस चांगला, लहानपणापासून ओळखतात. एक्स-रे काढला, थुंकी तपासली, टीबी निघाला. त्यांनी नेहमीची चार औषधं त्याच दिवशी चालू केली. त्यांना माहीत होतं मला किडनी बसवलीय. मलाही माहीत होतं की नवीन कुठलीही गोळी आपल्या नेफ्रोलॉजिस्टला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पण पुढची अपॉइंटमेंट वीस दिवसांवर होती, तेव्हा सांगू असं म्हटलं. दोघांचीही चूक.

त्या चारातलं रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसला शरीरात टिकू देत नाही. लिव्हरमध्ये ते भराभर मोडलं जातं. मी गोळी दोन्ही वेळा घेत होतो, घड्याळ लावून घेत होतो, आणि रक्तात ती नव्हतीच. वीस दिवसांनी लेव्हल २ च्या खाली, क्रिएटिनिन १.२ वरून २.४. बायोप्सी केली, रिजेक्शन. तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं शिरेतून. रिफॅम्पिसिन बंद करून दुसऱ्या औषधांवर टीबीचा कोर्स दीड वर्ष चालला. किडनी वाचली, पण १.२ पुन्हा कधी आलं नाही. आजचं १.६ त्या वीस दिवसांचं आहे. टीबी आपल्या शहरात आहेच, औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तो कित्येक पटीने जास्त गाठतो. भावाला ट्रान्सप्लांटनंतर संध्याकाळचा ताप आला तर त्याच रात्री फोन करायचा, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

गोळीची लेव्हल वर जाण्याच्याही वाटा आहेत. एका गणपतीत गावाहून पपनसं आली. मखरात बांधून उरलेली आम्ही सोलून खाल्ली, मी तीन दिवस रोज अर्धं. चौथ्या दिवशी सही करताना हात थरथरायला लागला. टॅक्रोलिमस वाढलं की हात कापतात, हे मला ठाऊक होतं म्हणून लगेच रक्त दिलं. लेव्हल दुपटीच्या वर. पपनस त्या गोळीला मोडू देत नाही, रिफॅम्पिसिनच्या बरोबर उलट. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधंही तेच करतात. आणि पावसाळ्यात जुलाब लागले तर गोळी शोषली जाणार नाही असं आपल्याला वाटतं. तिथेही उलट होतं, लेव्हल वाढते. त्यात अंगातलं पाणी गेलेलं, म्हणजे किडनीवर दोन्हीकडून मार. साचलेल्या पाण्यातून तर चालायचंच नाही. हिंदमाताला पाणी भरलं की मी ऑफिसात मुक्काम करतो, लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) परीक्षा मला घ्यायची नाही.

कांजूरच्या त्या मुलाचं. दोन वर्षांनी त्याला एकदम छान वाटायला लागलं, नोकरी लागली, लग्न ठरलं. गोळ्यांचा खर्च जड जात होता, तोंड स्टेरॉइडने सुजलेलं, फोटो चांगले येईनात. त्याने रात्रीची गोळी सोडायला सुरुवात केली. घरी कोणालाच सांगितलं नाही. मला त्याचा राग कधी आला नाही, कारण मी पण तिशीतलाच होतो आणि मला तो कळत होता. पुढे माझ्या डॉक्टरांनी मला कॅनडातल्या एडमंटनचा २०१२ चा अभ्यास समजावून सांगितला. ३१५ पेशंटवर त्यांनी नजर ठेवली, त्यातल्या ६० जणांची किडनी पुढे गेली. कारण सापडलं त्यातली ३६ रिजेक्शनने गेली, आणि त्या ३६ मधल्या १७ जणांनी औषधं नीट घेतलेली नव्हती. जवळजवळ निम्मे. ‘दहा-बारा वर्षं’ या आकड्यात माझा तो मित्रही आहे. भाऊ गोळ्या चुकवणार नसेल तर त्या गर्दीतल्या बऱ्याच लोकांपासून तो आधीच वेगळा झाला.

एक दोनशे पानी वही घ्या. तारीख, क्रिएटिनिन, लेव्हल, शुगर, बीपी, वजन. माझी आता चौथी वही चालू आहे. डॉक्टर बदलले, हॉस्पिटलची फाईल एकदा हरवली, वही राहिली.

---

कुलकर्णी_पार्ले

विनायकरावांनी आतलं सांगितलं. मी विम्याच्या हिशेबात तीस वर्षं घालवली आणि पत्नीच्या ट्रान्सप्लांटच्या वेळी हेच पेपर वाचले, तेव्हा आकड्यांपुरतं बोलतो.

‘सरासरी दहा-बारा वर्षं’ ही औषधाच्या पाकिटावरची एक्स्पायरी नव्हे. तो बहुतेक वेळा अर्ध-आयुष्याचा आकडा असतो: शंभर किडन्या बसवल्या तर त्यातल्या पन्नास किती वर्षांनी चालू असतील. दुसऱ्या पन्नास त्यानंतरही चालतात, काही पंचवीस-तीस वर्षं. त्या शंभरात सत्तरीचे डायबेटिसवालेही आहेत आणि तुमच्या भावासारखे तरुणही. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट: पुष्कळ आलेखांत चालू किडनी असताना हृदयविकाराने गेलेला माणूसही ‘किडनी गेली’ असाच मोजलेला असतो. वृद्धांमध्ये हे प्रमाण मोठं असतं. त्यामुळे पेपर वाचताना मृत्यू वगळून मोजलंय की धरून, हे आधी शोधा. एकाच गटाचे दोन आकडे बरेच वेगळे निघतात.

शिवाय दहा वर्षांचा निकाल सांगायचा तर दहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेली माणसंच मोजावी लागतात. वीस वर्षांच्या निकालात त्याहून जुनी. आपल्या केईएममध्ये १९६५ साली देशातला पहिला प्रयत्न झाला तेव्हा रिजेक्शन रोखणारं सायक्लोस्पोरिनही नव्हतं, ते अमेरिकेत १९८३ ला मान्य झालं. टॅक्रोलिमस नव्वदच्या दशकात आलं. ते कमी डोसात, मायकोफेनोलेट या दुसऱ्या गोळीच्या जोडीने देणं जास्त चांगलं, हे १६४५ पेशंटच्या सिम्फनी अभ्यासातून २००७ मध्ये कळलं. तुमच्या भावाला जी पद्धत मिळणार, तिचा तीस वर्षांचा निकाल अजून कोणाजवळच असू शकत नाही. मात्र फार आशाही लावू नका. पहिल्या वर्षातली रिजेक्शन जितकी झपाट्याने घटली, तितक्या प्रमाणात दीर्घकाळचं आयुष्य वाढलं नाही. नव्या किडनीविरुद्ध सावकाश तयार होणाऱ्या अँटिबॉडीचं कोडं अजून सुटलेलं नाही.

ज्या ओळीने तुम्ही लॅपटॉप बंद केलात, ती १९९९ च्या अमेरिकन अभ्यासातली असणार. तो मीही वाचलाय, आणि माझाही हात तिथेच थांबला होता. त्यात वेटिंग लिस्टवरच्याच लोकांची तुलना आहे, ज्यांना मेंदूमृत दात्याची किडनी मिळाली ते आणि जे डायलिसिसवर थांबून राहिले ते. पहिल्या दोन आठवड्यांत किडनी मिळालेल्यांचा धोका २.८ पट होता, हे खरं. ऑपरेशन आहे, भूल आहे, जड औषधं आहेत. पण तोच तक्ता पुढे वाचा. दीड वर्षावर त्यांचा धोका थांबलेल्यांच्या एक तृतीयांशाच्या आत आला होता. भावाला हे दाखवा, कारण ‘मी थांबतो’ म्हणण्यात धोका नाही असं त्याला वाटत असेल. थांबण्याचा धोका रोज थोडा थोडा साठतो, म्हणून दिसत नाही. मुंबईत झेडटीसीसीच्या (मेंदूमृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या संस्थेच्या) यादीत नाव जरूर घाला, पण तिथे वर्षं जातात.

टिश्यू मॅचिंगबद्दल. १९९५ मध्ये तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नवरा-बायकोंमधल्या ट्रान्सप्लांटचे आकडे छापले. जुळणी वाईट, तरी तीन वर्षांनी ८५ टक्के किडन्या चालू. आईवडिलांनी दिलेल्या ८२ टक्के, मेंदूमृत दात्यांच्या ७०. निरोगी माणसाची किडनी काढून लगेच बसवली, याला मोल जास्त. तेव्हा ‘आईचं निम्मं जुळतं’ एवढ्यावरून निर्णय घेऊ नका, आणि ‘वहिनीचं जुळत नाही’ एवढ्यावरून तर नाहीच.

---

सुमेधा_दादर

मी दाता आहे. २०१५ मध्ये, ३८ व्या वर्षी, नवऱ्याला डावी किडनी दिली. दुर्बिणीतून झालं. पोटापेक्षा खांदे जास्त दुखले, पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं होतं, हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. वहिनीला किंवा आईला सांगून ठेवा. चौथ्या दिवशी घरी. दीड महिना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. क्रिएटिनिन ०.७ होतं, आता १.० असतं. माझी तब्येत चांगली आहे आणि मला एका क्षणाचाही पश्चात्ताप नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून कोणी घाबरू नये.

दात्यांच्या बाबतीत जो दिलासा देतात, ‘एका किडनीवर माणूस आरामात जगतो’, तो बरोबर आहे पण अपुरा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत ९६,२१७ दात्यांचा अभ्यास आला. पंधरा वर्षांत स्वतःची किडनी निकामी होण्याचं प्रमाण दर दहा हजार दात्यांत ३१ च्या आसपास निघालं. तितक्याच निरोगी पण न दिलेल्या लोकांत ४. म्हणजे धोका वाढतो, तरीही तो फार लहान राहतो. दोन्ही वाक्यं एकत्र ऐकायला हवीत. मला ऑपरेशनआधी फक्त दुसरं ऐकवलं गेलं.

वहिनीचं दुसऱ्या मुलाचं मन असेल तर हेही तिला कळायला हवं. २०१५ चा कॅनडातला अभ्यास आहे. किडनी दिल्यानंतर गरोदर राहिलेल्या बायकांत बीपी वाढण्याचं किंवा प्रीएक्लॅम्पसियाचं (गरोदरपणातला बीपीचा धोकादायक आजार) प्रमाण शंभरात ११, न दिलेल्यांत ५. बहुतेकींची बाळंतपणं नीट झाली. पण निर्णय मूल होण्याआधी घ्यायचा की नंतर, हे तिने माहिती असताना ठरवावं.

तीस वर्षांच्या बाईला पुढे बीपी होईल की शुगर, हे आज कोणतीच तपासणी सांगत नाही. एकसष्टीला ज्या बाईला दोन्ही नाही, तिच्याबद्दल डॉक्टरांना पुष्कळ जास्त माहीत असतं. आईची किडनी तरुण किडनीपेक्षा थोडी कमी गाळेल, पण जिवंत दात्याची आहे, लगेच चालू होईल. आणि भाऊ ३४ चा आहे, आयुष्यात दुसरी किडनी लागण्याची शक्यता धरूनच चालावं. आयजीए नव्या किडनीतही परत येऊ शकतो, बहुतेक वेळा बऱ्याच वर्षांनी. आज आईची घेतली तर पंधरा वर्षांनी आई देऊ शकणार नाही, वहिनी कदाचित देऊ शकेल. म्हणून बरेच डॉक्टर अशा घरात आधी आईचा विचार करतात. माझंही मत आईच्या बाजूचं आहे.

पण वहिनीला ‘राखीव’ म्हणून कोणी मोजू नका. तेव्हा तिचं मन, तिची तब्येत काय असेल ते तिचं. आपल्या देशात जिवंत दात्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आम्ही प्रेमाने देतो, मीही दिली. पण ‘नाही’ म्हणायची जागा घरात कुठेच नसते. हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरला सांगून वहिनीशी एकटीशी बोलायला लावा. सासू नको, नवरा नको, तुम्हीही नको. ती नको म्हणाली तर घरच्यांना नुसतं ‘ती बसत नाही’ एवढंच कळवा, अशी विनंती करता येते. आईशीही तसंच बोलायला लावा. ‘माझं जगून झालंय’ हे किडनी द्यायचं कारण होत नाही, तिला अजून पंचवीस वर्षं जगायचंय.

आणि जी कोणी देईल तिची वेगळी वही करा. नवऱ्याच्या ओपीडीला मी तीन वर्षं त्याच्या फायली घेऊन गेले. माझी लघवी तपासायची आहे, हे त्या खोलीत एकदाही कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. चौथ्या वर्षी बीपी १५० निघालं, तेही कंपनीच्या तपासणीत. आता वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात. गुडघे दुखले तरी दुकानातून परस्पर पेनकिलर आणायची नाही.

---

मेघना_भांडुप

तिघांचेही आभार कसे मानू कळत नाही. प्रिंट काढून आणली आणि काल जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवली. कुलकर्णीकाकांचा दीड वर्षाचा आकडा ऐकून भाऊ बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे थांबणं फुकट नाही." यादीत नाव घालायचं ठरलंय, पण थांबायचं नाही.

सुमेधाताई, तुमचा भाग वाचताना आई मध्येच उठून आत गेली. नंतर ओट्यापाशी मला म्हणाली, "पंचवीस वर्षं कोण जगतंय," पण आवाज वेगळा होता. वहिनी नंतर गच्चीत कपडे काढायला गेली तेव्हा मी मागून गेले. ती म्हणाली, "मला कोणी एकटीला विचारलं असतं तर मी काय बोलले असते, ते मलाच माहीत नाही." शुक्रवारी कोऑर्डिनेटर मॅडमकडे ती एकटी जाणार आहे. मी फक्त स्टेशनपर्यंत सोडणार. आईची वेळ सोमवारी आहे.

विनायकदादा, भावाचा एक प्रश्न. लेव्हलची तपासणी असेल त्या दिवशी सकाळची गोळी घेऊन जायचं की न घेता? तो आत्तापासूनच वही घेऊन बसलाय.

---

विनायक_लालबाग

न घेता. आधी रक्त, मग गोळी. रात्री नऊला घेतली असेल तर सकाळी नऊच्या सुमारास रक्त द्यायचं, म्हणजे बारा तासांनी अंगात उरलेली कमीत कमी पातळी कळते. गोळी घेऊन गेला तर आकडा उगाच फुगलेला येईल, डॉक्टर डोस कमी करतील, आणि नुकसान व्हायचं ते होईल. मी स्वतः दुसऱ्याच महिन्यात हे केलं होतं, नशिबाने नर्सने सुई टोचायच्या आधी विचारलं.

भांडुपहून येणार असेल तर गाडी लेट होईल हे धरून निघा. गोळी छोट्या डबीत, पाण्याची बाटली सोबत. रक्त दिलं की तिथेच बाकावर बसून गोळी घ्यायची, तासभर थांबून मग नाश्ता. वहीत रक्त दिल्याची वेळ लिहायची, नुसती तारीख नाही. आणि केमिस्टने टॅक्रोलिमसचा ब्रँड बदलून दिला तर तोही त्याच ओळीत लिहायचा आणि डॉक्टरांना कळवायचा, लेव्हल त्यानेही हलते.

बाटलीवर मारलेल्या रेघा पुसू नका म्हणावं त्याला. सुरुवातीला डॉक्टर दिवसाला तीन लिटर प्यायला सांगतील, आणि डायलिसिसवरून आलेल्या माणसाला तेवढं पाणी घशाखाली उतरत नाही. मला आई दर तासाला ग्लास आणून द्यायची. त्याच रेघा उलट्या बाजूने कामाला येतील.